मधला नऊ

[दृश्य: फळा. खडू धरलेला हात ८, ३, १ असे तीन सुटे अंक लिहितो.]

तीन अंक घ्यायचे. कुठलेही चालतील, फक्त तिन्ही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करायची, लहानात लहान करायची, आणि मोठीतून लहान वजा करायची. जे उत्तर येईल त्याचे अंक घेऊन पुन्हा तेच.

नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीचा गणिताचा तास चालू आहे. बाईंनी मुलांना एवढंच सांगितलंय. पुढे काय होतं, ते सांगितलेलं नाही.

[दृश्य: फरशीवर बसलेले गट. पाट्या, जवळून.]

खिडकीजवळच्या गटाकडे बघा. ८३१ वजा १३८, आले ६९३. मग ९६३ वजा ३६९, आले ५९४. मग ९५४ वजा ४५९, आले ४९५. पुढे पुन्हा ९५४ वजा ४५९, आणि पुन्हा ४९५. आता हे हलेनाच. शेजारच्या गटानं वेगळे अंक घेतले होते. त्यांच्या पाटीवरही ४९५.

[दृश्य: दोन गट एकमेकांच्या पाट्यांवर वाकलेले. मूळ आवाज.]

[दृश्य: देवळाली स्टेशन, सकाळ. फलाटावरची पाटी.]

हा खेळ याच जिल्ह्यातला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीच्या शाळेत मास्तर होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात, मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. बी.एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण नाही, कुठल्या विद्यापीठात जागा नाही. शाळा सांभाळून ते आकडे मांडत बसायचे. लोकलच्या वाटेवरच्या डोंबिवली स्टेशनवर, तेव्हाच्या डेम्लोवर, संख्यांचा एक प्रकार सुचला, तर त्याचं नाव त्यांनी ठेवलं डेम्लो संख्या. १२१, १२३२१ त्यातल्याच. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी सांगितलं, की चार अंक घेऊन हीच वजाबाकी करत गेलं तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. आज ती संख्या जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. १९७५ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मास्तर सत्तरीचे होते.

या कामाला मोठी साधनं लागली नाहीत, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. वजाबाकी तिसरीतलं पोरही करतं. कापरेकरांनी ती करून उत्तराखाली दोन रेघा ओढल्या नाहीत, उत्तराकडे बघत बसले.

[दृश्य: पुन्हा वर्ग. एका मुलाची पाटी: ७५२ − २५७ = ५०५.]

मागच्या गटातल्या या मुलाला ५०५ मिळाले. गट म्हणतो, चुकलं. बाई खोडत नाहीत. त्या विचारतात, "चुकलं कशावरून?"

उत्तर येतं, "बाई, सगळ्यांच्या मधे नऊ आलाय. ह्याच्या मधे शून्य."

"मधे नऊच का येतो पण?"

[दृश्य: शांत वर्ग. मुलांचे चेहरे. निवेदन नाही.]

इथे आमचा कॅमेरा बराच वेळ चालू होता. कुणी बोललं नाही, बाईही बोलल्या नाहीत. एरवी याच जागी वर्गात उत्तर सांगून टाकलं जातं, कारण धडा पुढे न्यायचा असतो.

[दृश्य: एक मुलगी उठून बाहेर जाते. दुसरीच्या वर्गातून काड्यांची टोपली घेऊन येते.]

दुसरीत मुलं दहा काड्यांना रबर लावून दशकाचा गठ्ठा करतात. असे दहा गठ्ठे एकत्र बांधले की शतक. या मुलीनं फरशीवर सात शतकं मांडली, पाच दशकं, दोन सुट्या. आता यातून २५७ काढायचे.

[दृश्य: हात, गठ्ठे, रबर. अगदी जवळून.]

सात सुट्या हव्यात, आहेत दोन. म्हणून एक दशक सोडलं. बारा झाल्या. सात काढल्या, उरल्या पाच. आता काढायची पाच दशकं. पण उरलीत चार, कारण एक आत्ताच सुटलं. "बघ, इथं तू पाचातून पाच काढलेस," ती त्या मुलाला म्हणते. मग शतकाचं रबर निघालं. चारात दहा मिळवून चौदा दशकं, त्यातली पाच गेली. उरली नऊ. सहा शतकांतून दोन गेली. राहिले ४९५.

त्या मुलानं आपली पाटी स्वतःच पुसली. नंतर तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत ऐका.

[मूळ आवाज, मुलगा: "मधला आकडा दोन्हीकडं सारखाच असतो. पण वरच्यानं एक उसना दिलेला असतो. म्हणून त्याला एक कमी पडतो. मग शंभरातले दहा घेतले की नऊच राहणार. पाच असू दे नाहीतर काही पण असू दे."]

"काही पण असू दे." ही सिद्धता आहे. आकडा कुठलाही घ्या, कारण तेच राहणार, हे या मुलानं काड्यांवरून उचललं. हातचा आणि उसना आपण सगळेच शिकलो. बहुतेकांना तो वरच्या आकड्यावर मारलेली तिरकी रेघ म्हणून आठवतो. इथे तो रबर काढलेला गठ्ठा आहे, मोजता येणारा.

या एका प्रश्नाला दोन तास गेले. अपूर्णांकांचा धडा मागे पडला, तो शनिवारी भरून काढायचा ठरलं.

[दृश्य: फळा. मुलांनी लिहिलेला रकाना.]

दुसऱ्या तासाला फळा मुलांच्या ताब्यात होता. मधे नेहमी नऊ. कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन्ही टोकांची बेरीजही नऊच. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर येऊ शकतात ती उत्तरं तरी किती? ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. नऊच. आता जगातली प्रत्येक तीन अंकी संख्या तपासायची गरज उरली नाही. हे नऊ तपासले की झालं. आणि १९८ व ८९१ मध्ये अंक तेच, म्हणून त्यातलेही जवळजवळ निम्मे वाचले.

[दृश्य: बाण काढणारी मुलगी. ०९९ कडून ८९१, तिथून ७९२, ६९३, ५९४, शेवटी ४९५.]

बाईंनी या तासाला फळ्यावर एकही अक्षर लिहिलं नाही. त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत.

[दृश्य: घंटा. मुलं उठत नाहीत.]

सगळ्यात लांबचा रस्ता कुठल्या संख्येचा, यावर आता वाद चालू आहे. पाच पायऱ्यांच्या पुढे कुणी जाईना. शेवटी ५०५ वाल्या मुलानं १०० घेतले. १०० वजा ००१.

[दृश्य: त्याची पाटी. ९९. मग ८९१. मग ७९२. बोटांवर मोजणारा दुसरा मुलगा: "...पाच, सहा!"]