वीतभर काच

[दृश्य: उंच मजल्यावरची सरकती खिडकी. काचेवर सकाळचं तिरपं ऊन.]

दुपारी स्वच्छ वाटणारी काच सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा बघा. सगळं दिसतं. पावसाचे वाळलेले ओघळ, धुळीचा पापुद्रा, एखादा पक्षी येऊन गेल्याची खूण. आणि या सगळ्यात एक कमान. खिडकीच्या उघड्या बाजूकडून निघालेली, कंपासने काढावी तशी गोल. कमानीच्या आत काच लख्ख आहे, पलीकडे मळकट.

ही कमान म्हणजे या घरात खिडक्या पुसणाऱ्या माणसाच्या हाताची लांबी.

खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत मोठ्या माणसाचा हात साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर भरतो. सरकत्या खिडकीचं तावदान ९० सेंटिमीटर रुंद असेल, तर उरते एक वीत. तळमजल्यावर ही वीत कुणाच्या लक्षातही येत नाही. बाहेर जायचं, फडकं मारायचं, परत यायचं. विसाव्या मजल्यावर मात्र बाहेर म्हणजे नुसती हवा.

[दृश्य: काचेवर वाळणारा पाण्याचा थेंब, अगदी जवळून.]

आधी मळाकडे बघू. कारण ‘पावसाने धुऊन निघेल की’ असं म्हणून आपण बरेच महिने काढलेले असतात.

पाऊस काच धुतो, पण अर्धवट. शेवटी काचेवर राहिलेले थेंब तिथेच वाळतात आणि प्रत्येक थेंब मागे एक कडं सोडून जातो. मध्यभागी जवळपास काही नाही, सगळा मळ काठाला. असं का होतं, याचं उत्तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दिलं, आणि तेही सांडलेल्या कॉफीच्या डागांवरून. थेंबाचा काठ काचेला चिकटून बसलेला असतो आणि तिथलं पाणी सगळ्यात आधी उडून जातं. ते भरून काढायला मधलं पाणी काठाकडे ओढलं जातं, आणि जाताना धुळीचे कणही घेऊन जातं. म्हणून डाग गोल दिसतो.

पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतील, तर ही कडी पांढरी आणि चिवट होतात. नुसत्या साबणाने ती हलत नाहीत. पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर थोडा वेळ लावून ठेवलं की सुटतात. खिडकीची कट्टी, म्हणजे चौकटीखालचा कट्टा, संगमरवराची असेल तर मात्र जपून, कारण तेच व्हिनेगर दगडाचा झिलईदार पृष्ठभागही खातं. आणि वरच्या काँक्रीटवरून पाणी वर्षानुवर्षं काचेवर ठिबकत असेल, तर तो डाग राहत नाही, ती झीज होते. काँक्रीटमधून येणारं पाणी अल्कधर्मी असतं आणि ते काच हळूहळू कोरतं. कोरलेली काच घासून साफ होत नाही.

घासण्याबद्दल आणखी एक. वाऱ्यावर उडून येणाऱ्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. त्यामुळे कोरड्या काचेवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच. आधी भरपूर ओलं करा, धूळ सुटू द्या, मग पुसा. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि घाईत कुणीच करत नाही.

[दृश्य: खिडकीतून बाहेर वाकलेली सावली. चेहरा दिसत नाही.]

आता ती वीत.

पहिला मोह असतो जरा आणखी वाकण्याचा. एक पाय स्टुलावर, एका हाताने चौकट धरलेली, दुसरा हात बाहेर. यात कळत नाही ते एवढंच, की छाती कट्टीच्या बाहेर गेली की शरीराचा भार तिच्याबरोबर बाहेर सरकतो आणि मागचे पाय हलके होतात. फरशीवरून टाचा उचलल्या गेल्या तर समजायचं की खेळ हातातून निसटतो आहे. दोन्ही पावलं पूर्ण टेकलेली, डोकं चौकटीच्या आत. एवढ्यात जितकं पोचतं तितकंच आपलं.

दुसरा मोह तावदानच उचलून आत घेण्याचा. बऱ्याच सरकत्या खिडक्यांचं तावदान वर उचललं की खालच्या खाचेतून सुटतं, हे खरं आहे. पण ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचा एक चौरस मीटर साडेबारा किलो भरतो, चौकटीचं वजन वेगळं. हातात असा रुंद, गुळगुळीत, जड पत्रा आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक. हे करू नका. मधे ‘शक्यतो’ नाही.

मग साधनं. वाकड्या मानेच्या, इंग्रजी ‘झेड’च्या आकाराच्या काठ्या मिळतात. आपण आत उभे राहतो, काठीची मान काचेला वळसा घालून बाहेरून येते. हात बसायला वेळ लागतो, कारण सगळं उलटं दिसतं. आपण ओढतो तेव्हा फडकं काचेवर दाबलं जातं, ढकलतो तेव्हा सुटतं. तरी घरगुती उपायांमध्ये मला हाच सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

चुंबकाची जोडीही असते. एक तुकडा आत, एक बाहेर, मधे काच. आतला फिरवला की बाहेरचा मागे मागे येतो. बघायला गंमत वाटते. पण खोक्यावर काचेची जी जाडी छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकेरी काचेसाठीचं चुंबक दुहेरी काचेला लावलं तर पकड बसत नाही आणि बाहेरचा तुकडा खाली जातो. उलट दुहेरीचं चुंबक एकेरी काचेला लावलं तर ते इतकं घट्ट बसतं की हलत नाही, आणि मधे बोट सापडलं तर विचारू नका.

‘खाली जातो’ हे शब्द सहज बोलून जातो आपण. एका मजल्याची उंची ३ मीटर धरली, तर विसावा मजला साधारण ६० मीटरवर आला. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर तिथून सुटलेली वस्तू साडेतीन सेकंदांत जमिनीवर पोचते, आणि तेव्हा तिचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या जवळपास असतो. ‘अहो, बाजूला व्हा’ म्हणेपर्यंत संपलं. म्हणून काठी असो की चुंबक, त्याची दोरी आधी घरातल्या एखाद्या जड, न हलणाऱ्या वस्तूला बांधायची. खिडकी त्यानंतर उघडायची.

[दृश्य: ओल्या काचेवरून सरकणारी रबरी पट्टी. फक्त आवाज.]

हा आवाज ओळखीचा आहे. ओल्या काचेवरून सरकणाऱ्या रबराचा.

आपण ज्याला वायपर म्हणतो, त्याची काचेसाठीची आवृत्ती फार जुनी नाही. अमेरिकेत पूर्वी खिडक्या पुसणारे लोक पोलादाचं एक अवजड अवजार वापरत. त्याला दोन रबरी पट्ट्या असत, आणि पट्टी बदलायची म्हणजे डझनभर स्क्रू काढायचे. एत्तोरे स्तेकोने हा इटलीतून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आलेला माणूस स्वतः खिडक्या पुसायचा. त्याने पितळेचं हलकं अवजार बनवलं, एकाच धारदार रबरी पट्टीचं, आणि १९३६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजही व्यावसायिकांच्या हातात दिसतं ते अवजार मूळ रूपात तेच आहे.

ते वापरायची रीतही साधी आहे. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, त्याहून जास्त नाही. जास्त साबण काचेवर थर धरतो आणि त्या थरावर धूळ बसते. ऊन थेट काचेवर असताना पुसू नये, पट्टी पोचायच्या आत पाणी वाळतं. प्रत्येक ओढीनंतर रबर कोरडं करायचं. आणि एक युक्ती: आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. म्हणजे नंतर एखादी रेघ दिसलीच, तर ती कोणत्या बाजूची हे तिच्या दिशेवरूनच कळतं.

[दृश्य: जुन्या छायाचित्रांसारखा कृष्णधवल रंग. खिडकीबाहेर कट्टीवर पाठमोरा उभा माणूस, कमरेला पट्टा.]

एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ मध्ये उघडली. १०२ मजले. तिच्या खिडक्या पुसणारा माणूस खिडकीतूनच बाहेर पडायचा, पाठ आकाशाकडे करून कट्टीवर उभा राहायचा. कमरेच्या पट्ट्याची दोन टोकं चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या आकड्यांत अडकवलेली. त्या आकड्यांवर सगळा भरवसा. ही पद्धत भयंकर होती, यात शंका नाही. पण त्यात एक गोष्ट होती: इमारत बांधणाऱ्याने खिडकी पुसणाऱ्याचा विचार केलेला होता. आकडा आधीच भिंतीत होता.

मग काचेच्याच भिंती आल्या. न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर १९५२ मध्ये लिव्हर हाउस उभं राहिलं. २४ मजले, हिरवट-निळी काच, आणि खिडक्या बंदिस्त. आतून उघडणारच नाहीत. म्हणजे पुसायला बाहेर जायचा रस्ताही बंद. त्यासाठी गच्चीवर रूळ टाकले आणि त्यांवरून चालणाऱ्या यंत्राला झुला टांगला. झुला काचेसमोरून खाली-वर जायचा. इमारत कुणाची, तर साबण विकणाऱ्या कंपनीची. काच मळकट ठेवणं त्यांना परवडणारच नव्हतं.

आज मोठ्या इमारतींवर दिसणारी यंत्रं याच झुल्याची नातवंडं. दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे, काचा २४ हजारांहून जास्त. सगळ्या पुसून व्हायला तीन ते चार महिने लागतात. तोवर पहिल्या काचांवर पुन्हा धूळ बसलेली असते.

आणि झुला नेहमीच सरळ राहतो असं नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या एकोणसत्तराव्या मजल्याजवळ झुल्याचा एक दोर सैल पडला. झुला जवळजवळ उभाच झाला, आणि दोन कामगार त्यात अडकले. इमारत उघडून दोन आठवडेही झाले नव्हते. अग्निशमन दलाने शेवटी आतल्या बाजूने काच कापली आणि दोघांना त्या भोकातून आत घेतलं. जी काच पुसायला ते गेले होते, तीच फोडून.

[दृश्य: दोराला लटकलेला कामगार. हातमोजे, शिरस्त्राण, कमरेला बादली.]

जिथे झुला पोचत नाही तिथे दोरावरची माणसं जातात. जाणकार माणूस एका दोरावर कधीच लटकत नाही. एक दोर कामाचा, दुसरा राखीव, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. कामाचा दोर तुटला तर राखीव दोरावरची पकड आपोआप बसते. पण दोन दोर असले म्हणजे झालं असंही नाही. हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला आवळलेल्या पट्ट्यांमध्ये, माणूस बेशुद्ध, निश्चल लटकत राहिला तर रक्त पायांत साचतं, आणि मेंदूकडे पुरेसं पोचत नाही. म्हणून त्याला लवकर खाली घेण्याची तयारी काम सुरू व्हायच्या आधीच असावी लागते. तुमच्या इमारतीत असे लोक आले, तर ‘दिवसाला किती मजले होतील’ याच्या आधी विचारायचा प्रश्न हा: अडकलात तर उतरवणार कोण?

[दृश्य: काचेवर पसरत जाणारा पाण्याचा पातळ थर.]

विज्ञानाने यातून सुटायची एक वाट काढली आहे. १९६७ मध्ये जपानमध्ये आकिरा फुजिशिमा या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की पाण्यात ठेवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्याचं विघटन होतं. त्या वाटेवरच पुढे २००१ मध्ये पिल्किंग्टन कंपनीची स्वतः स्वच्छ होणारी काच बाजारात आली. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो. उन्हातले अतिनील किरण त्याच्या मदतीने सेंद्रिय मळ मोडतात, आणि पाऊस थेंबाथेंबाने न थांबता सपाट पसरून उरलेलं वाहून नेतो. थेंबच नाही, तर कडंही नाही.

छान आहे. फक्त तिला ऊन लागतं आणि पाऊस लागतो. वरच्या मजल्याच्या बाल्कनीखाली दडलेल्या खिडकीला यातलं काहीच पुरेसं मिळत नाही. आणि हात न पोचणाऱ्या खिडक्या बहुतेकदा तिथेच असतात.

काचेला चिकटून चालणारे छोटे रोबोही आहेत. हवा शोषून चिकटतात, वीज गेली तर धरून ठेवायला आत छोटी बॅटरी असते, आणि दोरी तर बांधायचीच. मधली काच ते मन लावून पुसतात. त्यातल्या गोल फडक्यांच्या रोबोंचा कोपऱ्याशी मात्र नाइलाज होतो. कोपऱ्यात थोडा मळ उरतोच.

पुन्हा तोच कोपरा.

[दृश्य: रिकामी खोली. नवी खिडकी, काचेवर अजून कंपनीचा चिकटवलेला कागद.]

खिडकी आत उघडणारी असती तर हा माहितीपट झालाच नसता. आत वळणारं तावदान, किंवा उघडताना बिजागरीपासून सरकून हात जाण्याइतकी फट सोडणारं तावदान, या दोन्ही गोष्टी कधीच्या शोधलेल्या आहेत. कागदावर खिडकीची जागा ठरते, तेव्हाच तिचा मळही ठरतो. गच्चीवर दोर बांधायला पक्की कडी ठेवली की नाही, तेही तिथेच.

म्हणून नवं घर बघायला गेलात, की आधी ही खिडकी उघडा. दोन्ही पावलं फरशीवर टेकवा, डोकं आत ठेवा आणि हात बाहेरून काचेवर न्या. बोटं थांबतील तिथून चौकटीपर्यंत किती अंतर उरतं ते बघा. घर दाखवणारा माणूस समोरचं दृश्य दाखवत असेल. दाखवू द्या.

[दृश्य: काचेवर बाहेरून टेकलेला तळवा. बोटांच्या पुढे वीतभर काच.]