प्लस की मायनस? आधी डिस्क कुठे फिरणार ते ठरवा

(ठाण्यात नौपाडा येथे हौशी नाट्यसंस्थांचे कार्यकर्ते आणि छायाचित्रकार यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कोरी डीव्हीडी घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "प्लस देऊ की मायनस?" आपण म्हणतो, "चांगली असेल ती द्या." घोटाळा इथेच होतो. डिस्क पुढे कोणत्या यंत्रात फिरणार हे ठरल्याशिवाय चांगली कोणती ते सांगताच येत नाही.

पायोनियरने डीव्हीडी-आर, म्हणजे 'मायनस', १९९७ साली आणली, तेव्हा ती ३.९५ जीबीची होती. सोनी, फिलिप्स, एचपी यांच्या गटाची डीव्हीडी+आर, म्हणजे 'प्लस', २००२ची. दोन्हींत खोबण नागमोडीच असते. फरक एवढाच, की आपण डिस्कवर नेमके कुठे आहोत हे लेझरला मायनसमध्ये खोबणीशेजारी आधीच पाडलेल्या बारीक खड्ड्यांवरून कळतं आणि प्लसमध्ये त्या नागमोडीतच पत्ता भरलेला असतो. वेगात फिरताना खड्डे वाचण्यापेक्षा नागमोड वाचणं सोपं, म्हणून तांत्रिकदृष्ट्या प्लस सरस. आजचे ड्राइव्ह दोन्ही लिहितात, तेव्हा त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

अडचण येते ती घरच्या टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरची. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला 'बुक टाइप' नावाची नोंद असते. काही जुने प्लेअर ती बघतात आणि 'प्लस' दिसलं की डिस्क नाकारतात. तुमचा बर्नर, म्हणजे डिस्क लिहिणारा ड्राइव्ह, सोय देत असेल तर प्लस डिस्क जाळताना (म्हणजे लिहिताना) ही नोंद 'डीव्हीडी-रॉम', म्हणजे कारखान्यात छापलेली डिस्क, अशी करता येते. मायनसवर ती बदलत नाही. पण बर्नरमध्ये ही सोय नसेल, तर नाटकाचं चित्रण गावोगावी वाटायला सरळ मायनस घ्या.

आता एक गंमत. दोन्हींच्या डब्यावर ४.७ जीबीच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मायनसवर २२,९८,४९६ सेक्टर बसतात आणि प्लसवर २२,९५,१०४. एक सेक्टर २,०४८ बाइटचा, म्हणजे फरक सुमारे ७ एमबीचा. मायनस काठोकाठ भरेल अशी इमेज (सगळ्या डिस्कची मिळून एकच फाइल) केलीत तर तीच प्लसवर मावत नाही. विंडोजची मोजायची पद्धत वेगळी, म्हणून ते हीच क्षमता ४.३८ जीबी दाखवतं. तसंही ४.२च्या वर भरू नका. लेझर ज्यावर लिहितो तो रंगाचा थर बाहेरच्या कडेला असमान असण्याची शक्यता जास्त, आणि चुका तिथेच साठतात.

प्लस-मायनसपेक्षा महत्त्वाचं म्हणजे डिस्क बनवली कोणी. एकाच ब्रँडच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघू शकतो. कोरी डिस्क ड्राइव्हमध्ये घालून तिचा मीडिया कोड, म्हणजे बनवणाऱ्याची खूण, वाचा. 'एमसीसी ००४' असा काहीतरी दिसेल. एखादा कोड तुमच्या ड्राइव्हवर नीट जळला की तो वहीत टिपून ठेवा.

वेग १६एक्स छापलेला असला तरी ८एक्सवर जाळा. ७-८ मिनिटांत काम होतं. लॅपटॉपला लावायच्या पातळ ड्राइव्हने 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' (लेझरची ताकद जुळवता न आल्याची चूक) दिला तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. यूएसबी २.०चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि लिहिताना लेझर-मोटर मिळून त्याहून जास्त ओढू शकतात. दोन तोंडांची केबल लावा, हब काढा. तरीही तेच झालं तर दुसऱ्या कोडची डिस्क घालून बघा, तेव्हा उलगडा होतो.

जाळून झाल्यावर 'व्हेरिफाय', म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून ताडणं, करायचंच, आणि जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हवर. जाळणारा ड्राइव्ह स्वतःची चूक सांभाळून घेतो, दुसरा घेत नाही.

पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यूबद्दल एवढंच: ती ने-आण करायला, साठवायला नाही. डीव्हीडी-रॅम सुमारे एक लाख वेळा लिहिता येते, पण ती वाचणारं यंत्र शोधावं लागतं.

दहा-वीस वर्षं ठेवायचं असेल तर २५ जीबीची बीडी-आर, म्हणजे कोरी ब्लू-रे डिस्क, घ्या, पण खोक्यावर 'एलटीएच' लिहिलेलं असेल तर परत ठेवा. एलटीएचमध्ये डीव्हीडीसारखाच सेंद्रिय रंग असतो, तर साध्या एचटीएल डिस्कमध्ये असेंद्रिय थर. सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, तेव्हा खरेदी पुढे ढकलू नका.

आणि आपलं ठाणं! जुलै-ऑगस्टमध्ये कपाटाला बुरशी येते, तिथे डिस्कची काय कथा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, ते पृष्ठभागाला चिकटतं. कडक डबीत, उभी ठेवा. सीडी असेल तर वरच्या बाजूला बॉलपेन नको, कारण तिथे परावर्तक थरावर फक्त लाखेचं पातळ आवरण असतं. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये दबलेला असतो, तरी कागदी लेबल चिकटवू नका. दमट हवेत कागद आक्रसतो-फुगतो, चकती वाकते आणि वेगात फिरताना थरथरते. नाटकाचं नाव मधल्या पारदर्शक गोलावर मार्करने लिहा.