पेटाऱ्यातला कागद

[दृश्य : देवळामागची पडवी. हातातला आरसा. चेहऱ्यावर चढत जाणारा रंग.]

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. कुडाळ तालुक्यातल्या एका देवळाची जत्रा. पालखी फिरून आली की धयकालो, म्हणजे दशावताराचा रात्रभराचा खेळ, उभा राहील. तोवर हा कलाकार भिंतीला टेकवलेल्या आरशात बघून स्वतःच स्वतःला रंगवतोय. आज तो स्त्री पार्टी आहे, म्हणजे बाईचं काम करणार आहे.

दशावतारात रंग लावायला वेगळा माणूस नसतो. दिग्दर्शक नसतो. लिहिलेली संहिताही नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कुणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि मग पहाटेपर्यंत बोलणं जागच्या जागी सुचत जातं. समोरच्यानं टाकलेलं वाक्य झेलायचं, आपलं त्यात घालून परत टाकायचं. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. आधी पूर्वरंगात गणपती येतो, संकासुर येतो, आणि मगच आख्यान.

बाजूला तो लाकडी पेटारा दिसतोय ना, त्यात सगळं नाटक मावतं. मुकुट, शेले, गदा. पूर्वी हा पेटारा डोक्यावर घेऊन कंपनी रातोरात पुढच्या जत्रेला चालत जायची.

[दृश्य : पेटाऱ्याचं झाकण. थोडा वेळ नुसती पायपेटी.]

[दृश्य : सकाळ. घराची ओटी. प्लास्टिकची पिशवी रिकामी होतेय.]

हा तोच कलाकार. रंग धुतलेला.

वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. 2024 पासून या योजनेत दरमहा 5,000 रुपये मिळतात. अर्जासोबत कलेतल्या कामाचे पुरावे जोडायचे असतात. ही पिशवी म्हणजे ते पुरावे.

एक फोटो आहे, त्यात चेहरा ओळखता येत नाही, कारण चेहऱ्यावर रंग आहे. एक प्रमाणपत्र आहे, त्याचा खालचा कोपरा वाळवीनं खाल्लाय, नेमका सहीचा. बाकीची जत्रांची हँडबिलं. गुलाबी, पिवळी, पोपटी. त्यांवर देवस्थानाचं नाव आहे, कंपनीचं नाव आहे, तिथी आहे, वार आहे.

साल कुठल्याच हँडबिलावर नाही.

कसं असेल? हँडबिल पुढच्या आठवड्यातल्या जत्रेसाठी छापतात. तेव्हा साल सगळ्यांना ठाऊकच असतं.

"लिवन ठेवलेला काय्येक नाय. सगळा तोंडपाठ," ते म्हणतात.

आम्ही ही फिल्म करायला निघालो ते कोकणात कलेसाठी, शेतीसाठी, गावाच्या कामांसाठी कुठून कुठून पैसे मिळू शकतात ते दाखवायला. ते दाखवणारच आहोत. पण पहिल्याच घरात आम्ही या पिशवीपाशी थांबलो, आणि पुढे जिथे जिथे कॅमेरा लावला तिथे ही पिशवी आठवत राहिली.

[दृश्य : पिंगुळी. चित्रकथीचं पान उलटताना. मागून उजेड घेतलेली चामड्याची बाहुली.]

पिंगुळी. कुडाळच्या जवळच. इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी. कागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवायचे, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, अशा पानांची एक पोथी करायची. मग मांडी घालून बसायचं आणि एकेक पान दाखवत कथा गायची. डोळे बघा या चित्रांतले. एका बाजूला वळलेला चेहरा आणि त्यात तो मोठा, टक्क उघडा डोळा.

सावंतवाडी संस्थानानं या कलेला आश्रय दिला होता. कोणत्या घरानं कुठल्या गावच्या देवळात कथा सांगायची हे ठरलेलं असे. आजच्या भाषेत बोलायचं तर ते अनुदानच होतं, आणि त्यासाठी कलाकाराला अर्ज करावा लागत नव्हता. संस्थान गेलं, टीव्ही आला, पोथ्या माळ्यावर गेल्या. काही घरांतून त्या बाहेरच्यांनी विकत नेल्या.

परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ते 2006 मध्ये. ठाकर आदिवासी कला आंगण. जिथे गुरं बांधायची तिथे कळसूत्री बाहुल्या टांगल्या, पोथ्या मांडल्या. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या क्रमाकडे लक्ष द्या. आधी गोठा, मग पद्मश्री, आणि मध्ये पंधरा वर्षं. पुरस्कार शेवटी येतो. पैसे सुरुवातीला लागतात.

सुरुवातीचे पैसे देणाऱ्या जागा आहेत. उदयपूरला पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, महाराष्ट्र त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. क्षेत्र केंद्रांच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरूला महिना 7,500 आणि शिष्याला 1,500 रुपये असं मानधन ठरलेलं आहे. शिष्याचा आकडा फार कमी आहे, हे आम्हाला इथेच सांगायचंय. गोव्यात हॉटेलात कामाला जाणाऱ्या पोराला तो थांबवू शकत नाही. तरीही, जो शिकायला बसलाय त्याच्या शिकण्याला कागदावर जागा मिळते.

आणि बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. 1993 साली स्थापन झालेली, कलेच्या कामाला आणि संशोधनाला निधी देणारी संस्था. तिच्याकडे प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत पाठवता येतो. मराठीत पाठवता येतो! ही गोष्ट आम्ही कुडाळात, सावंतवाडीत जितक्या कलाकारांना सांगितली, त्यातल्या कुणालाच माहीत नव्हती. इंग्रजी येत नाही म्हणून आजवर कितीजणांनी कागद हातातच घेतला नसेल?

[दृश्य : खारेपाट, रायगड. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत येणारं भरतीचं पाणी. भाताची मुडी सोडताना.]

रायगडातला खारेपाट. बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे भात. बांध फुटला की समुद्र शेतात येतो आणि जमीन खारवते. अशा जमिनीत तग धरणारी भाताची जुनी वाणं इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली. काळा राता, भुरा राता. मुडी सुटताना बघा. पेंढ्याचा एकेक वेढा निघतोय, आणि आत पुढच्या पावसाचं बी.

2001 च्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याखाली एक प्राधिकरण आहे. अशी वाणं जपणाऱ्या गावसमूहाला ते 10 लाख रुपयांचा पुरस्कार देतं, वर्षाला जास्तीत जास्त पाच. एकट्या शेतकऱ्यासाठीही वेगळे पुरस्कार आहेत. त्यासाठी दाखवावं लागतं की हे वाण आमच्याकडे आहे, कधीपासून आहे, कुणी कुणी लावलं.

यासाठीची वही गावात असायलाच हवी. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ती नोंदवही आम्ही मागितली. कपाटातून निघाली. भाताच्या पानावर फक्त "भात" असं लिहिलं होतं.

[दृश्य : मुडी पुन्हा बांधली जातेय.]

[दृश्य : वेंगुर्ला, मांडवीची खाडी. होडी. वल्ह्यांचा आवाज.]

आता वेंगुर्ले. मांडवीच्या खाडीत ही होडी बायका वल्हवतात. स्वामिनी महिला बचत गट. 2017 पासून त्या पर्यटकांना कांदळवनात फिरवून आणतात. ही चिपी, ही तिवर, हा कांदळ, झाडावरच रुजून खाली पडणारं हे त्याचं बी. वल्हं मारता मारता सगळं सांगतात.

मागे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्गातला किनारी जैवविविधतेचा प्रकल्प होता, राज्याचा कांदळवन कक्ष होता. त्याच 2017 साली राज्यानं कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली. खेकडे वाढवा, कालवं वाढवा, जिताडा मासा पिंजऱ्यात वाढवा, लोकांना फिरवून आणा. गटाच्या प्रकल्पाला 90 टक्के शासनाचे, 10 टक्के गटाचे. एकट्याच्या प्रकल्पाला 75 टक्के.

हे गटांना का जमतं? कारण बचत गटाला वही असते. कोण बैठकीला आली, कुणी किती भरले, कर्ज कुणाला दिलं, अंगठा कुणाचा, सही कुणाची. खाण्याचे पदार्थ करणाऱ्या गटातल्या बाईला केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं. कोकमाचं आगळ असो, काजूगर असोत. तिथेही आधी गटाची वहीच बघतात.

[दृश्य : गणपतीतलं घर. आरती संपलेली. ओटीवर कागद फिरतोय.]

आणि हे दृश्य. कोकणाबाहेरच्या माणसाला ते कळायला जरा वेळ लागेल.

कोकणात कलमांच्या बागा मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या त्या 1990 च्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनंतर. 2018 पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. अनुदान तीन वर्षांत मिळतं, 50, 30 आणि 20 टक्के, आणि पुढचे हप्ते झाडं जगली तरच. इतर महाराष्ट्रात कमाल मर्यादा 6 हेक्टर, कोकणात 10.

पण सातबारा सामाईक आहे. पणजोबांच्या नावानं सुरू झालेला उतारा आज खाली खाली वाढत गेलाय. एक नाव गावात राहतं आणि जमीन करतं. बाकीची नावं परळला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला. प्रत्येकाची संमती लागते. फोनवर "हो" म्हणतात, पण फोनवर सही होत नाही. ती सही फक्त गणपतीत मिळते, नाहीतर शिमग्यात. म्हणून आरती झाली, प्रसाद वाटला, आणि संमतीपत्र फिरायला लागलं. एक काका चष्मा शोधतायत. एका वहिनीला माहेरचं नाव लिहायचं की सासरचं, ते कळत नाही. एक पुतण्या आलाच नाही.

तो आला नाही म्हणून या वर्षीची लागवड राहिली.

सामाईक जमिनीत जो प्रत्यक्ष राबतो, त्याचा अर्ज एका सहीसाठी अडू नये. ही मागणी कोकणातून जुनीच आहे, आणि आम्ही ती इथे पुन्हा करतो. दुसरी मागणी अशी की गावात एक लिहिणारं माणूस हवं. ग्रामपंचायतीनं ठेवलेलं, थोडे पैसे देऊन ठेवलेलं. दशावताराची नोंद, बियाण्याची नोंद, अर्जाची मुदत, सगळं त्या एका माणसाकडे.

[दृश्य : पुन्हा पहिली ओटी. हँडबिलांचे गठ्ठे. एक मुलगी पेन घेऊन बसलीय.]

ही त्या कलाकाराची पुतणी. कुडाळला कॉलेजात जाते. आम्ही शेवटच्या दिवशी परत आलो तेव्हा तिनं सगळी हँडबिलं ओटीवर पसरली होती. एकेक उचलते, काकांना विचारते, हे कधीचं. साल त्यांना सांगता येत नाही. ते सांगतात त्या वर्षी काय झालं होतं. कुणाचं लग्न, कुणाचं घर पडलं, राजा कोण झालं होतं आणि संकासुर कोण.

हे गुलाबी हँडबिल ते बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, फयान येवन गेल्यावरची पयली जत्रा ही. मंडप उडालो होतो.

फयान वादळ नोव्हेंबरमधलं. ती मोबाइलवर बघते. हँडबिल उलटं करते आणि मागे लिहिते, 2009.

[दृश्य : हँडबिलाची मागची बाजू. बाहेर कुणीतरी पेटारा टेम्पोत चढवतंय.]