मजुरीच्या हिशेबात नसलेले घर

मित्रहो,

आर्थिक विषमता हा विषय एवढा अफाट आहे की त्यावर तासभर बोलूनही हाती काही लागू नये, अशी भीती वाटते. म्हणून मी आज एकाच शहराबद्दल आणि त्या शहरातल्या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. मुंबईत रोज काम मिळवणारा आणि रोज राबणारा माणूस रात्री फुटपाथवर का झोपतो? त्याच्याकडे काम नाही असे म्हणावे, तर तो सकाळी सहाला उठून कामावर जातो. शहरात घरे नाहीत असे म्हणावे, तर 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनेच 2011 च्या जनगणनेचा आधार देऊन सांगितले आहे की एकट्या मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी होती. त्याच जनगणनेत मुंबईतल्या बेघर माणसांची नोंद 57 हजारांच्या आसपास झाली. बेघरांची ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती. पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात आणि बांधकामावरच्या पाइपांमध्ये झोपलेली माणसे एका रात्रीत शोधायची होती, त्यामुळे खरा आकडा याहून बराच मोठा असणार, हे या क्षेत्रात काम करणारे सगळेच सांगतात. तरीही सरकारी आकडाच खरा धरला, तरी दर बेघर माणसामागे आठ घरे बंद कुलपात होती, असा त्याचा अर्थ होतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की आपल्याकडे मजुरी ठरवताना मजुराच्या घराचे भाडे प्रामाणिकपणे त्यात कधी धरलेच गेले नाही. जी किंमत मालकाने मोजायची, ती मजूर रस्त्यावर झोपून मोजतो आणि त्याला आपण अतिक्रमण म्हणतो.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक मराठी माणसाने वाचावा असा आहे. 13 जुलै 1981 रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईतल्या सर्व फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवण्यात येईल. भर पावसाळ्यात झोपड्या तोडल्या गेल्या आणि माणसांना एसटीच्या गाड्यांत बसवून रवाना करण्यात आले. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस, इतर काही कार्यकर्ते आणि स्वतः फुटपाथवासी न्यायालयात गेले. याचिकाकर्त्यांमध्ये सेलम जिल्ह्यातला एक भूमिहीन शेतमजूर होता. तो 1961 साली दुष्काळामुळे मुंबईत आला होता आणि दहिसरच्या एका रसायन कारखान्यात 23 रुपये रोजावर काम करत होता. त्याला आणि त्याच्या बायकामुलांना सेलमला पाठवून दिल्यावर तो कामासाठी पुन्हा मुंबईत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

दुसरा याचिकाकर्ता आपल्या संगमनेरचा होता. गावी तो चपला शिवण्याचे काम करायचा आणि दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातले घर पडले, तेव्हा 1969 मध्ये तो मुंबईला आला आणि महिना 350 रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. फुटपाथवरची जागा मिळवण्यासाठी त्याला तिथल्या गुंडाला 300 रुपये द्यावे लागले आणि बांबू व प्लॅस्टिकला 700 रुपये खर्च आला. हे सगळे निकालपत्रात नोंदलेले आहे. महिन्याला 350 रुपये कमावणाऱ्या माणसाने बांबू-प्लॅस्टिकच्या आडोशासाठी हजार रुपये, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची पूर्ण कमाई घातली. जानेवारी 1980 मध्ये तो आडोसा पाडला गेला आणि त्याने तो पुन्हा उभा केला. फुटपाथवर फुकट राहतात, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. तसे बोलणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाने 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या निकालाने प्रस्थापित केले. माणसे फुटपाथवर राहतात ती कामाच्या जवळ राहता यावे म्हणून, आणि त्यांना तिथून उठवणे म्हणजे त्यांची रोजीरोटी हिरावणे होय, हा युक्तिवाद न्यायालयाने पूर्णपणे मान्य केला. परंतु त्याच निकालाने महापालिकेचा हटवण्याचा अधिकारही कायम ठेवला. नोटीस द्यावी, पावसाळा संपेपर्यंत म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत थांबावे, 1976 च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, एवढेच संरक्षण मिळाले, आणि पर्यायी जागा ही हटवण्याची पूर्वअट नसेल, हेही स्पष्ट करण्यात आले. तत्त्व मजुराच्या बाजूने आणि आदेश पालिकेच्या बाजूने, अशी ही विभागणी झाली. ती मला आजही अस्वस्थ करते, कारण काम आणि निवारा यांचे नाते एवढ्या स्पष्ट शब्दांत मान्य केल्यानंतरही त्या कामाच्या मोबदल्यात निवारा का बसत नाही, हा प्रश्न तिथे विचारला गेला नाही.

तो प्रश्न त्यापूर्वी विचारला गेला होता. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मोजपट्टी ठरवली होती. एका कमावत्या माणसामागे तीन प्रौढांइतका खर्च धरावा, प्रत्येक प्रौढामागे 2700 उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, सरकारी औद्योगिक गृहयोजनेतल्या लहानात लहान घराचे भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. पुढे 1991 मध्ये रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के त्यात धरायला सांगितले. ही मोजपट्टी उदार मुळीच नव्हती, पण तिच्यात घर होते. सरकार कामगारांसाठी घरे बांधील आणि त्यांचे माफक भाडे मजुरीत धरले जाईल, असे ते गृहीतक होते. सरकारने कामगारांसाठी पुरेशी घरे बांधली नाहीत, भाडे बाजाराच्या हाती गेले, आणि मजुरीतला भाड्याचा हिस्सा मात्र जुन्याच गृहीतकाला चिकटून राहिला.

केंद्राच्या वेतन संहितेच्या 2020 च्या मसुदा नियमांत घरभाडे हे अन्न आणि कपड्यांच्या खर्चाच्या दहा टक्के धरावे, असे म्हटले होते. आपल्या राज्यात 1983 साली कामगारांसाठी किमान घरभाडे भत्त्याचा कायदा झाला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी वेतनाच्या पाच टक्के किंवा वीस रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती दरमहा द्यावी, असा तो कायदा आहे. समजा, एखाद्या कामगाराला महिना 12 हजार रुपये वेतन आहे. कायद्याने त्याला 600 रुपये घरभाडे मिळते. मुंबईत 600 रुपयांत कुठल्याही वस्तीतली खोली तर सोडाच, चार-पाच जणांच्या खोलीत पथारी टाकायची जागाही मिळत नाही. मानखुर्द किंवा मालवणीला भाड्याची खोली शोधायला निघालेल्या कुठल्याही कामगाराला विचारा, भाड्याच्या आधी अनामत रकमेचाच आकडा ऐकून तो माघारी फिरलेला असतो. आणि पन्नासांहून कमी कामगार असलेल्या दुकानात, हॉटेलात, कारखान्यात हे 600 रुपयेही नाहीत.

नाक्यावरच्या मजुराचा तर मालकच रोज बदलतो. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास नाक्यावर जाऊन पाहा. थापी आणि रंधा घेऊन उभा असलेला मिस्त्री, घमेले घेऊन उभी असलेली बाई, रंगारी, बिगारी, सगळे तिथे असतात. मुकादम येतो, दोन बोटे दाखवतो आणि दोन माणसे त्याच्या मागे निघतात. दहा वाजेपर्यंत ज्याला कुणी नेले नाही, त्याचा तो दिवस खाडा. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला दिवसाचे पहिले पैसे शौचालयाला द्यावे लागतात, नंतर अंघोळीला, नंतर प्यायच्या पाण्याला. धान्य साठवायला जागा नाही म्हणून किराणा रोजच्या रोज पुडीने घ्यायचा, आणि पुडीने घेतलेले तेल नेहमीच महाग पडते. चूल मांडू दिली नाही, तर दोन्ही वेळ वडापाव किंवा टपरीवरचे जेवण. कमाई ठेवायची ती ओळखीच्या दुकानदाराकडे, आणि तो सांगेल तो हिशेब मान्य करायचा. पालिकेची गाडी आली की गाठोडे जाते, आणि गाठोड्याबरोबर आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला जातो. ती कागदपत्रे पुन्हा काढण्यासाठी मारलेल्या प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. बेघर असणे ही अत्यंत खर्चिक गोष्ट आहे, हे घरात राहणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेऊन कल्याणकारी मंडळ उभे केले. त्याच्या नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाने नव्वद दिवस कदाचित साठ मालकांकडे काढलेले असतात, मग दाखला कोणी द्यायचा? ज्याच्या घामातून उपकर जमा होतो, तोच मंडळाच्या दाराबाहेर उभा राहतो. बुडालेल्या मजुरीची दाद मागायला जावे, तर तिथेही कागद नसतो. 1982 साली दिल्लीतल्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धांच्या, बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठबिगारी आहे, असा निर्णय दिला होता. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी मुकादमाने पन्नास-शंभर रुपये कापले की नाक्यावर त्याला कोणी वेठबिगारी म्हणत नाही.

हे बदलता येते का? महाराष्ट्रात ते एकदा बदलून दाखवलेले आहे. रोज वेगळ्या व्यापाऱ्याचे ओझे उचलणाऱ्या माथाड्यांची अवस्थाही अशीच होती. मशीद बंदरच्या आणि भायखळ्याच्या बाजारांत पाठीवर पोती वाहणारी ही सातारा, सांगली, पुण्याकडची माणसे रात्री गाळ्यांच्या फळ्यांवर आणि फुटपाथवर झोपत असत. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यानंतर 1969 साली माथाडी कायदा आला. त्यात मालक आणि कामगारांची टोळी दोघांचीही नोंद मंडळाकडे होते, व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, मंडळात भरतो, आणि मंडळ त्यातून कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा आणि औषधोपचार देते. मालक रोज बदलला तरी चालतो, कारण हिशेब ठेवणारा एकच असतो. बाजार वाशीला गेल्यानंतर कोपरखैरणे आणि घणसोलीत माथाड्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. फळीवर झोपणाऱ्याच्या नातवंडांनी स्वतःच्या घरात अभ्यास केला. या कायद्याच्या नावाखाली खंडण्या उकळणाऱ्या टोळ्या निर्माण झाल्या, हे खरे आहे आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, पण त्यासाठी कायदाच पातळ करू पाहणाऱ्यांचा हेतू मला शुद्ध वाटत नाही.

गिरण्यांच्या जमिनीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. मागे सुमारे 600 एकर जमीन उरली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 व्या नियमाने या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरली होती. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. सार्वजनिक घरांसाठी ठेवलेली मुंबईच्या मध्यभागातली जमीन शब्दांच्या एका दुरुस्तीने आक्रसली. दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी आणि वारसांनी घरांसाठी अर्ज केले, आणि त्यांतले कित्येक सोडतीची वाट पाहत वारले. विषमता आपोआप वाढत नाही, ती अशा दुरुस्त्यांनी वाढवली जाते.

रात्रनिवाऱ्यांबद्दलही सांगायला हवे. 2010 पासून सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास खुला असलेला एक निवारा असावा, असे आदेश दिले आहेत. 2011 च्या 1 कोटी 24 लाख लोकसंख्येला मुंबईत 124 निवारे हवे होते. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही. उलट, 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आजही आपल्या राज्यात आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी रेंगाळणारा माणूसही त्याच्या व्याख्येत येऊ शकतो आणि त्याला एक ते तीन वर्षे डांबून ठेवता येते. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर दिवस काढणारे रुग्णांचे नातेवाईकही या व्याख्येपासून फार लांब नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली. महाराष्ट्राने न्यायालयाची वाट न पाहता ती स्वतः काढून टाकावीत. निवारे नाक्यांच्या जवळ असावेत, त्यात नवरा-बायको-मुले एकत्र राहू शकावीत आणि कागदपत्रे ठेवायला कुलूपबंद खण असावेत.

मजुरीच्या बाबतीत मागणी अगदी सोपी आहे. 1983 चा घरभाड्याचा कायदा राज्याचा आहे आणि तो बदलायला दिल्लीला जावे लागत नाही. पाच टक्क्यांऐवजी त्या त्या परिमंडळातल्या एका खोलीच्या प्रत्यक्ष भाड्याशी भत्ता जोडावा, दरवर्षी तो फेरतपासावा आणि पन्नास कामगारांची अट काढून टाकावी. लहान दुकानदाराला हे कसे परवडेल, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि तो रास्तही आहे. त्याच्याकडून एकरकमी भार घेण्याऐवजी माथाडी मंडळाच्या धर्तीवर उलाढालीनुसार लेव्ही घ्यावी, आणि बिल्डर, मॉल, मोठी हॉटेले यांचा वाटा त्यात सर्वांत जास्त असावा. त्या निधीतून कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहाव्यात, मालकीच्या नव्हेत, म्हणजे त्या दहा वर्षांनी विकल्या जाऊन पुन्हा कुलूपबंद होणार नाहीत. नाका कामगारांची नोंदणी प्रत्येक नाक्यावर जागच्या जागी व्हावी आणि नव्वद दिवसांच्या दाखल्याची सक्ती जाऊन कामगाराचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरले जावे, आणि ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मंडळावर असावी.