चूक क्रमांक २७२६

[दृश्य: अंधारी खोली. जुना मॉनिटर हळूहळू उजळतो. फ्लॉपी ड्राइव्हची घरघर.]

हा आवाज आता कुणाच्या घरात ऐकू येत नाही.

३८६ प्रोसेसर, चार एमबी मेमरी. पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी सकाळी घासाघीस करून आणलेलं मशीन. देणाऱ्याने आधीच बजावलं होतं, "दादा, चालेल याची गॅरंटी नाही." चाललं.

[दृश्य: की-बोर्डवर बोटं. पडद्यावर 'विन' उमटतं, एंटर दाबलं जातं.]

यात आम्ही दोन गोष्टी टाकल्या आहेत. खाली डीआर डॉस ६, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्यावर मायक्रोसॉफ्टचं विंडोज ३.१. तेव्हाचं विंडोज स्वतःच्या पायावर उभं नव्हतं, त्याला खाली कुठलं तरी डॉस लागायचं. आणि ही दुकानात आलेली प्रत नाही. १९९१च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने बाहेरच्या परीक्षकांना वापरून बघायला दिलेली ही बीटा प्रत आहे.

[दृश्य: काळ्या पडद्यावर तीन ओळी. कॅमेरा जवळ जातो.]

"नॉन-फेटल एरर डिटेक्टेड: एरर नंबर २७२६." म्हणजे चूक सापडली आहे, पण जीवघेणी नाही. विंडोज ३.१च्या बीटा मदत विभागाशी बोला. बाहेर पडायचं तर एंटर, पुढे जायचं तर सी.

कसली चूक? ते लिहिलेलं नाही.

[दृश्य: बोट 'सी'वर. विंडोजची खिडकी उघडते. माउस फिरतो, पत्त्यांचा डाव मांडला जातो.]

सी दाबलं. विंडोज उघडलं. पत्ते खेळून पाहिले, पेंटब्रशमध्ये रेघोट्या ओढल्या. काही अडलं नाही.

[दृश्य: कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हचं छायाचित्र. जुनं लाकडी घर, समोर पितळी फलक.]

मग ती चूक आली कुठून, हे कळायला या घरापर्यंत मागे जावं लागतं. इथे डीआर डॉस बनवणाऱ्या डिजिटल रिसर्च नावाच्या कंपनीचं बिऱ्हाड होतं. गॅरी किल्डॉल हे तिचे संस्थापक. शेजारच्या मॉन्टेरेमध्ये नौदलाच्या संस्थेत ते शिकवायचे. १९७४मध्ये त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तिच्यातली युक्ती आज साधी वाटते. यंत्रागणिक बदलावा लागणारा भाग त्यांनी एका छोट्या कप्प्यात वेगळा काढला, त्यामुळे बाकीचं सगळं कुठल्याही कंपनीच्या मशीनवर जसंच्या तसं चालू लागलं. प्रोग्रॅम एकदा लिहायचा आणि अनेक यंत्रांवर विकायचा, या धंद्याला जागा झाली ती त्या कप्प्यामुळे. २०१४मध्ये या घरासमोर फलक लागला तो याचसाठी.

१९८१मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला, तेव्हा त्यात मायक्रोसॉफ्टचं डॉस होतं. ते मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटलमधल्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेतलं होतं, आणि त्या कंपनीने ते बेतलं होतं किल्डॉल यांच्या सीपी/एमच्या धर्तीवर. आयबीएमचं काम किल्डॉल यांच्या हातचं कसं गेलं याच्या दंतकथा पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्या वाटेला गेलो नाही.

[दृश्य: डीआर डॉसचं खोकं. पिवळट पडलेली पुस्तिका. फ्लॉप्या टेबलावर पत्त्यांसारख्या पसरलेल्या.]

या खोक्यात आहे डिजिटल रिसर्चचं उत्तर. १९९०च्या मे महिन्यात डीआर डॉस ५ आलं आणि त्याने वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण सोडवली. तेव्हा प्रोग्रॅमांना मेमरीच्या ६४० केबींच्या चौकटीत दाटीवाटीने राहावं लागायचं. डीआर डॉस स्वतः वरच्या मेमरीत सरकायचं आणि खालची जागा मोकळी करून द्यायचं. मायक्रोसॉफ्टला असं डॉस द्यायला आणखी वर्ष लागलं. त्यानंतर १९९१मध्येच डीआर डॉस ६ आलं, त्यात तर हार्ड डिस्कवरच्या फाइली दाबून दुप्पट जागा करायची सोयही होती. माल चांगला होता, एवढंच नोंदवून ठेवतो.

[दृश्य: पडद्यावर डीबगर. आकड्यांच्या ओळी वर सरकतात.]

आता हे नीट बघा. आमच्या चित्रीकरणाची अख्खी एक दुपार यात गेली.

संदेश देणारा हा तुकडा फाइलीत सरळ वाचता येत नाही. तो गुंडाळून, कुलूप लावून ठेवला आहे, एक्सॉर नावाच्या साध्या क्रियेने आकडे बदलून टाकून. चालायला लागला की तो स्वतःच स्वतःचं कुलूप उघडत जातो. कुणी डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम आतून तपासायचं साधन, लावून डोकावलं, तर त्या डीबगरचे पाय ओढायचीही तजवीज आहे. विंडोजमधला बाकीचा मजकूर असा दडवलेला नाही. आणि हा तुकडा एका जागी नाही, एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या अनेक प्रोग्रॅमांत तो पेरलेला आहे.

[दृश्य: पेन्सिलीने एका ओळीभोवती गोल.]

आतल्या प्रश्नांपैकी एक असा. लहान इंग्रजी अक्षरांचं मोठ्या अक्षरांत रूपांतर करणारा तक्ता डॉसच्या स्वतःच्या मेमरीच्या पट्ट्यातच आहे का? दुसरा प्रश्न, फाइलींची जुनी नोंदवही दाखवणाऱ्या एका पत्त्याच्या शेवटी शून्य आहे का? हे प्रश्न कुठल्याही पुस्तिकेत छापलेले नव्हते. विंडोज चालण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या डॉसवर दोन्ही उत्तरं 'हो' यायची, डीआर डॉसवर यायची नाहीत.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरंच वाकडं करून ठेवलं होतं, आणि तेही झाकून.

[दृश्य: प्रोग्रॅमच्या पोटात चार अक्षरं: ए, ए, आर, डी.]

ही चार अक्षरं दिसली? एएआरडी. मायक्रोसॉफ्टमधल्या आरोन रेनल्ड्स या प्रोग्रॅमरची ही सही. म्हणून याला एएआरडी कोड म्हणतात. १९९२च्या एप्रिलमध्ये जेफ चॅपेल यांनी तो शोधून काढला. पुढे अँड्र्यू शुलमन यांनी तो ओळीओळीने सोडवला आणि १९९३च्या सप्टेंबरात 'डॉ. डॉब्ज जर्नल' या मासिकात मांडला. दोघांकडेही प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर नव्हता. बंद पेटी बाहेरून वाजवून आत काय आहे ते सांगायचं, असलं हे काम.

डिजिटल रिसर्चने काही आठवड्यांत आपल्या डॉसमध्ये बारीकसा बदल केला. संदेश गायब झाला. एखाद्या खऱ्या चुकीवर इतकं सोपं औषध आम्ही तरी कधी पाहिलेलं नाही.

[दृश्य: न्यायालयात दाखल झालेल्या ईमेलच्या छापील प्रती. ओळींवर पिवळा रंग.]

ही पानं पुढे खटल्यात बाहेर आली. मायक्रोसॉफ्टमधल्यांनीच एकमेकांना पाठवलेली. १९९१च्या सप्टेंबरात एक जण लिहितो की विंडोज ३.१ फक्त आपल्याच डॉसवर चाललं पाहिजे. दुसरा सुचवतो की डीआर ६ ओळखायचं आणि चालायलाच नकार द्यायचा, वर संदेश भलत्याच कारणाचा दाखवायचा. आणि हे पान १९९२च्या फेब्रुवारीतलं. लिहिणारे ब्रॅड सिल्व्हरबर्ग, कंपनीतले वरिष्ठ अधिकारी. वापरणाऱ्याला अस्वस्थ वाटलं पाहिजे, काही बिघडलं की त्याचा संशय डीआर डॉसवर गेला पाहिजे, आणि मग त्याने जाऊन एमएस-डॉस विकत घेतलं पाहिजे. शब्द आमचे, आशय त्यांचा.

मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं होतं की परक्या डॉसवर विंडोज तपासलेलं नव्हतं, म्हणून परीक्षकांना सावध केलं.

[दृश्य: किल्डॉल यांचं छायाचित्र. काही क्षण निवेदन नाही.]

११ जुलै १९९४ रोजी गॅरी किल्डॉल गेले. चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने अमेरिकी सरकारशी करार केला आणि एक प्रथा सोडायचं कबूल केलं. ती प्रथा अशी की संगणक बनवणाऱ्याने मशीनमध्ये कुठलंही डॉस घातलं, तरी प्रत्येक मशीनमागे पैसे मायक्रोसॉफ्टलाच द्यायचे. १९९६मध्ये डीआर डॉस कॅल्डेरा या कंपनीकडे गेलं, तिने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, २०००च्या जानेवारीत तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने मोजले २८ कोटी डॉलर. हा आकडा २००९मध्ये कळला. बाजारातून डीआर डॉस केव्हाच उठलं होतं.

[दृश्य: संगणक-वर्गाची जुनी पाटी. आत मुलांच्या रांगा, सगळ्या पडद्यांवर एकच रंग.]

एमएस-सीआयटीमधला 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. आम्ही मात्र कितीतरी वर्षं तो मायक्रोसॉफ्टचाच समजत होतो.

[दृश्य: बसमध्ये हातात फोन. अंगठा वर सरकतो.]

२०२२च्या ऑक्टोबरात भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. फोन बनवणाऱ्यांवर गुगलची ॲप आधीच भरून द्यायची सक्ती होती, त्यावरून. दंड पुढे अपिलातही कायम राहिला.

[दृश्य: पुन्हा ३८६. नवी फ्लॉपी आत जाते.]

ही मात्र दुकानातली प्रत आहे, १९९२च्या एप्रिलमध्ये विक्रीला आलेलं विंडोज ३.१. डीआर डॉस तेच, सुधारणा न केलेलं. 'विन' टाइप केलं. संदेश नाही. सरळ उघडलं.

[दृश्य: डीबगर. ओळखीच्या ओळी. ए, ए, आर, डी.]

पण तुकडा आतच आहे. काढलेला नाही, नुसता निजवलेला. त्याला निजवणारा आहे एक बाइट.

[दृश्य: तो बाइट बदलला जातो. मशीन पुन्हा सुरू. फ्लॉपीची घरघर. 'विन', एंटर. काळ्या पडद्यावर तीन ओळी.]