धावणाऱ्याला घड्याळ कशासाठी हवं?

नमस्कार. आत येताना दाराशी एका ताईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "सर, मी आठवड्यातून चार दिवस धावते, तीन वर्षं झाली. फिटनेसचं स्मार्टवॉच घेऊ की नको, एवढं आधी सांगा, मग निवांत ऐकत बसते." मी त्यांना उलट विचारलं, "आत्ता धावताना तुमची अडचण काय आहे?" त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हळू धावायचं ठरवून निघते, तरी रोज पार दमून परत येते." या उत्तरात आजच्या व्याख्यानाचा बराचसा भाग आलेला आहे. त्यांना काय सांगायचं ते शेवटी बोलेन, कारण ते सांगण्याआधी घड्याळ नेमकं काय मोजतं आणि कशाचा नुसता अंदाज बांधतं, हे समजून घ्यायला हवं.

फिनलंडचा पावो नुर्मी हातात स्टॉपवॉच धरून धावायचा. ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्णपदकं मिळवलेला हा माणूस. 1924 साली पॅरिसमध्ये त्याने 1500 मीटर आणि 5000 मीटर या दोन्ही शर्यती एकाच दिवशी, साधारण तासाभराच्या अंतराने जिंकल्या. त्या घड्याळाकडून त्याला एकच गोष्ट हवी होती: प्रत्येक फेरी ठरवलेल्या वेळात होते आहे की नाही. पुढे त्याच फिनलंडमध्ये पोलर या कंपनीने 1982 मध्ये छातीच्या पट्ट्यावरून बिनतारी नाडी दाखवणारं घड्याळ आणलं. त्यामागेही एकच प्रश्न होता, की बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंचं हृदय सरावात किती जोरात चाललंय. मग 2000 च्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि 2003 मध्ये गार्मिन या कंपनीचं फोररनर नावाचं धावणाऱ्यांसाठीचं पहिलं जीपीएस घड्याळ मनगटावर आलं. आता किती अंतर झालं हेही कळू लागलं.

म्हणजे प्रत्येक वेळी आधी धावणाऱ्याला प्रश्न पडला आणि मग यंत्र आलं. आजच्या घड्याळात हा क्रम उलटा झालाय. ते रोज सकाळी वीस-पंचवीस आकडे समोर ठेवतं, आणि त्यातले निम्मे आपण कधी विचारलेलेच नसतात. म्हणून माझी कसोटी एकच आहे. हा आकडा बघून मी आजच्या धावण्यात काय बदलणार? "काहीच नाही" असं उत्तर आलं, तर तो आकडा आपल्यासाठी नाही, मग तो कितीही अचूक असो.

आधी अंतर आणि पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, हे घेऊ. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरहून जास्त उंचीवर फिरत असतात. त्यांचा सिग्नल पोचायला किती वेळ लागला, त्यावरून घड्याळ आपली जागा काढतं. मोकळ्या मैदानात चूक काही मीटरांची असते. उंच इमारतींच्या मधून धावताना तोच सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि नकाशावर आपण कुणाच्या तरी गच्चीवरून धावल्यासारखी रेघ दिसते. दोन फ्रीक्वेन्सी पकडणारी घड्याळं इथे बरीच चांगली ठरतात. तुमचा रोजचा रस्ता मोकळा असेल तर मात्र त्या सोयीचा फारसा उपयोग नाही. आणखी एक सांगतो. "या क्षणाचा पेस" म्हणून जो आकडा दिसतो त्याच्या मागे धावू नका, तो सतत उड्या मारतो. स्क्रीनवर चालू किलोमीटरचा सरासरी पेस लावून ठेवा.

मॅरेथॉन पळणाऱ्यांची इथे एक ठरलेली फसगत होते. शर्यतीचा मार्ग 42.195 किलोमीटरचा असतो. तो सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून, वळणं शक्य तितक्या आतून घेत, सर्वांत जवळच्या रेषेवर मोजतात. वर अंतर कमी भरू नये म्हणून हजार मीटरला एक मीटर जादा धरतात. आपण गर्दीतून वाट काढत, वळणं बाहेरून घेत धावतो, त्यात जीपीएसची चूक मिसळते, आणि शेवटच्या रेषेवर घड्याळ 42.6 दाखवतं. चार तासांत संपवायचं असेल तर किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंदांचा पेस लागतो. घड्याळातल्या पेसवर विसंबून तुम्ही अगदी काटेकोर 5:41 ने धावलात, तरी 42.6 किलोमीटरला चार तास दोन मिनिटं लागतात. कितीतरी जण वर्षभर मेहनत करून या दोन मिनिटांपायी हळहळतात. म्हणून शर्यतीत घड्याळात आपोआप पडणारे लॅप, म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या वेळेच्या नोंदी, बंद ठेवा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबा. हे काम साध्या स्टॉपवॉचनेही होतं.

आता हृदयाचे ठोके. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घड्याळ घेणारे बहुतेक जण यासाठीच घेतात आणि गोंधळही इथेच होतो.

घड्याळाच्या पाठीमागे हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमीजास्त होतं, त्यामुळे परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो, आणि ते चढउतार मोजून घड्याळ नाडी सांगतं. बसल्या जागी हे छान चालतं. धावताना हात हलतो, पट्टा सरकतो, थंडीत त्वचेतला रक्तप्रवाह कमी होतो, कुणाच्या मनगटावर नेमका तिथेच टॅटू असतो. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे घड्याळ ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. आपली पावलं मिनिटाला 160 ते 180 पडतात, आणि जोरात धावणाऱ्याचे ठोकेही त्याच सुमारास असतात. हाताचा झोका पावलांच्या तालावर असल्यामुळे घड्याळाची गल्लत होते.

माझ्या बाबतीत हे घडलं आहे. एका पहाटे मी अगदी आरामात, शेजारच्या मित्राशी गप्पा मारत धावत होतो आणि घड्याळ 174 दाखवत होतं. मी घाबरलो. चालायला लागलो, तरी आकडा लगेच उतरेना. शेवटी मानेवर बोटं ठेवून ठोके मोजले तर मिनिटाला 130 च्या आसपास. पट्टा सैल होता, एवढीच भानगड. पण त्याआधी कित्येक आठवडे मी याच आकड्यांवर विश्वास ठेवून माझ्या इझी रनचं, म्हणजे आरामात हळू धावण्याचं, काय चुकतंय ते शोधत होतो.

म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट पण न टोचेल असं बांधा. पहिला महिना अधूनमधून मानेवर बोटं ठेवून पडताळून बघा. इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ जोरात आणि मग थोडी विश्रांती अशा आलटून-पालटून धावा, करणार असाल तर मनगटाच्या भरवशावर राहू नका. एका मिनिटाच्या जोरकस धावेत मनगटावरचा आकडा वर चढेपर्यंत ती धाव संपत आलेली असते. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, त्यामुळे तो या बाबतीत फार पुढे आहे.

आकडा बरोबर आला तरी पुढे आणखी एक खड्डा आहे, तो म्हणजे झोन, ठोक्यांच्या आकड्यावरून पाडलेले मेहनतीचे टप्पे. कमाल ठोके म्हणजे 220 वजा वय, हे सूत्र तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. बरीच घड्याळं सुरुवातीला असाच वयावरून अंदाज बांधून झोन पाडतात. सूत्र सरासरीचं आहे. चाळिशीच्या माणसाला ते 180 सांगतं, पण एखाद्याचे कमाल ठोके 168 असतात, एखाद्याचे 192, आणि दोघेही ठणठणीत असतात. पहिल्याला घड्याळ "अजून हळूच चाललंय" म्हणत राहील आणि दुसऱ्याला विनाकारण थांबवेल. बीटा ब्लॉकर गटातली औषधं घेणाऱ्यांचे ठोके औषधानेच खाली राहतात, त्यांना हे झोन लागूच पडत नाहीत. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बाकीच्यांनी झोन बोलण्यावरून जुळवावेत. धावताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतं तोवर इझी रन. त्या वेळी घड्याळात कोणता आकडा आहे ते चार-पाच वेळा बघा, ती तुमची खरी मर्यादा. शरीरावरून घड्याळ लावून घ्या, घड्याळावरून शरीर नको.

कॅलरींबद्दल थोडक्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. सातपैकी सहांची नाडीची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींमध्ये मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. तेव्हापासून यंत्रं सुधारली असतील, पण कॅलरींचा आकडा बघून किती खायचं हे मी ठरवणार नाही, आणि तुम्हीही ठरवू नका अशी माझी विनंती आहे.

यानंतर येतात घड्याळाचे सल्ले: रिकव्हरीला किती तास, आज सरावाला तयार आहात का, व्हीओटू मॅक्स किती. यातलं काहीही थेट मोजलेलं नसतं. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, आणि तो प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून, श्वासातला ऑक्सिजन मोजून काढतात. घड्याळ तो तुमचा पेस आणि ठोके यांच्या मेळावरून ताडतं. उकाडा वाढला की त्याच पेसला ठोके चढतात आणि घड्याळ तुमचा फिटनेस घसरला असं सांगून मोकळं होतं. तुम्ही तसेच असता, फक्त हवा बदललेली असते.

एका शर्यतीच्या तयारीत माझ्या नडगीच्या हाडात दुखायला लागलं. बोटाने दाबलं तर एकाच जागी कळ यायची. घड्याळ रोज सकाळी हिरवा रंग दाखवत होतं: झोप चांगली, नाडी शांत, सरावाला तयार. मी त्या हिरव्या रंगाचं ऐकलं आणि आणखी बारा दिवस धावलो. हाडाला बारीक तडा गेला होता. पुढचे दोन महिने धावणं बंद. घड्याळ खोटं बोललं नव्हतं, त्याला माझ्या नडगीतलं काही कळतच नव्हतं. मला कळत होतं. तेव्हापासून मी सकाळी आधी पलंगावर बसून पाय, पोटऱ्या, टाचा चाचपतो, मन कसं आहे ते बघतो, आणि मगच आकडे बघतो. क्रम उलटला की आकडा आपलं दुखणं झाकतो, हे मी दोन महिने घरी बसून शिकलो.

याच कारणाने, घड्याळात ईसीजीची सोय आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते एका लीडचं असतं, म्हणजे हृदयाकडे एकाच दिशेने बघतं, आणि मुख्यतः ठोक्यांची एक ठरावीक अनियमितता ओळखण्यासाठी असतं. हृदयविकाराचा झटका त्यात कळत नाही. धावताना छातीत दाबल्यासारखं झालं तर थांबायचं आणि मदत मागायची. त्या वेळी स्क्रीन बघत बसायचं नाही.

झोपेच्या आकड्यांपायी तर काही जणांची झोपच उडते. 2017 मध्ये संशोधकांनी या प्रकाराला ऑर्थोसोम्निया असं नावही दिलं. स्वभाव काळजी करणारा असेल तर घड्याळाचा तो भाग सरळ बंद करा. काही जणांसाठी घड्याळच नको, हे मी अगदी मनापासून सांगतो.

मग कुणी घ्यावं? जो ठरलेला आराखडा पाळतो, म्हणजे अमुक मिनिटं टेम्पो (बऱ्यापैकी जोरात, एकसारख्या वेगाने धावणं), मग अमुक विश्रांती, त्याला वेळ झाली की मनगटावर जाणवणारी थरथर फार उपयोगी पडते. जो एकटा डोंगरवाटांवर धावतो, त्याला परतीचा रस्ता दाखवणारं आणि पडल्यावर घरच्यांना कळवणारं घड्याळ जरूर घ्यावं. जिला दर आठवड्याचं अंतर बेताने वाढवायचंय आणि वही ठेवायचा कंटाळा आहे, तिनेही घ्यावं.

घेताना मी सगळ्यात आधी बटणं बघतो. घामाने ओल्या बोटाने किंवा पावसात टचस्क्रीन दगा देते, आणि लॅप नेमका तेव्हाच घ्यायचा असतो. मग बॅटरी, आणि तीही जीपीएस चालू ठेवून किती तास टिकते ते. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ लाँग रनच्या सकाळी हमखास अर्धं रिकामं असतं. आपल्या धावांच्या फाइल बाहेर काढून ठेवता येतात का, हेही विचारा. 2020 च्या जुलैमध्ये गार्मिनच्या सेवेवर सायबर हल्ला झाला आणि ती काही दिवस बंद पडली. घड्याळं नोंद करत होती, पण पुढे पाठवायची वाट अडली होती. आणि आपला नकाशा सगळ्यांना दिसू देताना घराच्या आसपासचा भाग लपवा. 2018 च्या जानेवारीत धावांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपच्या नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. तुम्ही रोज किती वाजता कुठून निघता हे त्याहून सोपं कळतं.

आता ताई, तुमच्याबद्दल. तुमचा प्रश्न अंतराचा नाही, रस्ता तुम्हाला पाठ आहे. तुमचा इझी रन इझी होत नाही, एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी ठोके बरोबर कळायला हवेत आणि ते वाढले की कुणीतरी टोकायला हवं. तुम्ही फोन घेऊन धावता असं म्हणालात. मग घड्याळ आत्ता घेऊ नका. नुसता छातीचा पट्टा घ्या, तो फोनला जोडा, आणि ठोके तुमच्या बोलण्याच्या मर्यादेवर गेले की फोनने आवाज द्यावा असं लावून घ्या. चार आठवडे आवाज आला की चालायला लागा, लाज वाटू देऊ नका. परत आल्यावर वहीत दोन ओळी लिहा: दमणूक किती वाटली, आणि धावताना कोणती गोष्ट कळायला हवी होती पण कळली नाही. चार आठवड्यांनी त्या वहीत तेच तेच प्रश्न पुन्हा दिसले, तर त्यांची उत्तरं देणारं घड्याळ शोधू, मी सोबत येईन. वहीत काही नसेल तर पट्टाच पुरे. फक्त तो बांधण्याआधी आतली बाजू पाण्याने ओली करा. कोरडा बांधला तर घाम येईपर्यंतची पहिली काही मिनिटं तो काहीच्या बाही आकडे दाखवतो, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी घाबरून थांबाल.