वर्गणी भिंतीसाठी की मास्तरांसाठी?

नमस्कार मंडळी. तिळगूळ हातात आहे, तेव्हा गोडच बोललं पाहिजे. पण मला आज पैशांबद्दल बोलायचंय, त्यामुळे हमी देत नाही.

मागच्या सप्टेंबरात आई साताऱ्याहून इकडे कॅलिफोर्नियात आमच्याकडे आली होती. जेट लॅगमुळे पहाटे चारलाच उठून बसायची. ओट्यावर शाळेचा एक केशरी लिफाफा पडला होता, जॉग-अ-थॉनचा. मुलांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि घरच्यांनी फेरीमागे पैसे कबूल करायचे. मी मोठ्या ऐटीत फेरीमागे पाच डॉलर लिहिले होते. धाकटी गुडघा फुटला तरी थांबली नाही. 36 फेऱ्या! 180 डॉलर.

"शाळा सरकारी आहे ना गं तुमची?" आईने विचारलं. "मग हे कशाला?"

मी सांगितलं, यातून वाचनालयाच्या बाईंचा आणि संगीताच्या सरांचा पगार निघतो. आईची अख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. ती म्हणाली, "लोकवर्गणी आम्हीही मागायचो. कंपाउंडला, रंगाला, एकदा टीव्हीला. पण मास्तरांच्या पगारासाठी कधी गावात फिरलो नाही बाई."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्यातले बरेच जण म्हणतात, "आम्ही एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, तो जातो कुठे?" गोष्ट जुनी आहे. शाळा स्थानिक करावर चालल्या की श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब राहते, हे समानतेच्या तत्त्वात बसत नाही, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये सेरॅनो खटल्यात सांगितलं. मग 1978 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 13, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सला लगाम घालणारा प्रस्ताव, मंजूर केला. कर घराच्या किमतीच्या 1 टक्क्यावर बांधला गेला, करासाठी धरायची किंमत 1975 च्या पातळीवर नेली, आणि घर विकलं जाईपर्यंत ती वर्षाला फार तर 2 टक्के वाढणार. समजा शेजारच्या आजोबांच्या घराची किंमत तेव्हा 80 हजार धरली होती. पन्नास वर्षांनी त्यांचा कर साधारण 2,150 डॉलर होतो. तसंच घर तुम्ही आज वीस लाखांना घेतलंत तर तुमचा 20 हजार. आजोबांवर माझा राग नाही, ते लिंबं आणून देतात.

पण खरी मेख पुढे आहे. शाळेला विद्यार्थ्यामागे किती मिळणार हे आता राज्याचं सूत्र ठरवतं. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) तुमचा कर वाढला की राज्य आपला वाटा तेवढा कमी करतं. शाळेच्या हाती रक्कम तीच! 2013 पासून हे सूत्र गरीब घरातल्या आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना जास्त पैसे देतं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. त्यामुळे आपल्यासारख्या सुखवस्तू डिस्ट्रिक्टला वाटतं, आपल्याला कमी पडतंय. मग देणग्या जमवायला पालकांचं फाउंडेशन, लिलाव, रेस्टॉरंट नाइट. पालो अल्टोसारख्या काही ठिकाणी स्थानिक करच इतका जमतो की तो सगळा शाळांकडे राहतो. देणग्या तिथेही गोळा होतातच!

सरकारी शाळेला फी घेता येत नाही, हे 1984 मध्ये न्यायालयाने आणि 2012 च्या कायद्याने पुन्हा स्पष्ट केलंय. देणगी ऐच्छिक हवी. आता ऐच्छिक म्हणजे काय, हे गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक दारात पाहिलेल्या माणसाला मी काय सांगू? आमच्या शाळेत कोणत्या वर्गातून किती टक्के घरांनी पैसे दिले याचा तक्ता दारावर लागायचा. नावं नसायची, पण मुलं घरी येऊन विचारायची, "आई, आपण दिले ना?" मीही दोन वर्षं देणग्या गोळा करणाऱ्या समितीत होते. फोन मीच करायचे.

त्यात कंपनीचं मॅचिंग. माझा एक डॉलर कंपनीमुळे दोन होतो. फ्रीवेच्या पलीकडच्या शाळेत ज्याचे वडील ट्रक चालवतात आणि आई हॉटेलच्या किचनमध्ये काम करते, त्याच्या लिफाफ्याला मॅचिंग नाही. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये एका शाळेत चित्रकलेच्या बाई, दुसरीत नाहीत. न्यायालयाने 1971 मध्ये जे दारातून बाहेर काढलं, ते आम्ही लिफाफ्यातून आत आणलं.

यावर उपाय केलेले लोक आहेत. पालो अल्टोने 2002 मध्येच ठरवलं की शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठीचे पैसे सगळ्या शाळांसाठी एकत्रच जमा करायचे. सांता मोनिका-मालिबू डिस्ट्रिक्टने 2011 मध्ये तसंच केलं, तर जास्त देणग्या जमवणाऱ्या मालिबूच्या पालकांनी कडाडून विरोध केला. तो राग मला समजतो. आपण दिलेल्या पैशातून आलेली बाई आपल्याच मुलीला शिकवताना दिसावी, हे कुणाला नको असतं? पण मग त्याला दान म्हणू नये, फी म्हणावं.

पार्सल टॅक्स, म्हणजे किंमत न पाहता प्रत्येक मालमत्तेवर लागणारा स्थानिक कर, हा दुसरा रस्ता. तो जवळपास सगळ्यांच्या घरावर लागतो, आजोबांसारख्या ज्येष्ठांना मात्र बऱ्याच ठिकाणी सूट मागता येते. पण त्याला सहसा दोन तृतीयांश मतं लागतात, आणि इथे बसलेल्या कितीतरी जणांना मतच नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत मुलं पाचवीतून कॉलेजात जातात. मत नाही, म्हणून चेक देतो आणि वाटतं, आपलं म्हणणं मांडलं. डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या जाहीर सभेत बोलायला मात्र नागरिकत्व लागत नाही. माइकपुढे पासपोर्ट कुणी विचारत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन मिनिटं मिळाली. त्यातलं एक आडनाव नीट सांगण्यात गेलं.

आमच्या डिस्ट्रिक्टच्या पुढच्या सभेत आम्ही काही जणी एकच मागणी करणार आहोत. रंग, बाग, सहली यांसाठी ज्या त्या शाळेने खुशाल वर्गणी काढावी. पगाराचे पैसे मात्र सगळ्यांचे एकत्र. हळदीकुंकवाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे, यायचं असेल त्यांनी नाव लिहा. माझी गाडी सात सीटची आहे, चार जागा अजून रिकाम्या आहेत.